उपवासकाळातला अबोला

देवासाठी म्हणून धरलेल्या व्रतापायी मी एका म्हातारीला मरणाच्या दारात नेऊन ठेवलं. हे कागदावर उतरवायला इतकी वर्षं लागली, कारण लाज अजून गेलेली नाही.

बहात्तरच्या दुष्काळाआधीची गोष्ट. धुळ्यात मी शाळेत शिकवायची. मालक वारल्यावर घरात मी आणि आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, अशा दोघीच उरलो. त्यांची दोन्ही डोळ्यांची नजर गेलेली, कमरेखालचं अंग लुळं पडलेलं. माझी जीभ तिखट, आणि त्यांची माझ्याहून चार मिरच्या जास्त. ‘मन्हा पोर्‍याले तूच खादं,’ असं त्या म्हणायच्या, आणि मी तरी कुठली ऐकून घेते? एकाला दोन सुनवायची.

त्या वर्षी राखेच्या बुधवारी, म्हणजे आम्हा ख्रिस्ती लोकांचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू होतो त्या दिवशी, कपाळाला राख लागली तेव्हा मी मनाशी ठरवलं, हे चाळीस दिवस आत्याबाईंची मनापासून सेवा करायची आणि एकही कडू शब्द तोंडातून काढायचा नाही. दोनच दिवसांत कळलं की माझं तोंड उघडलं की कडूच बाहेर पडतं. मग मी सोपी वाट काढली. बोलणंच बंद केलं.

अंग पुसायचं, लुगडं बदलायचं, दुधात भाकरी कुस्करून भरवायची, सगळं वेळच्या वेळी. पण चकार शब्द नाही. सुरुवातीला त्या विचारायच्या, ‘काय झाये व तुले? बोल ना.’ मी ओठ मिटून पुढचा घास करायची आणि मनात म्हणायची, प्रभू, बघतोस ना, मी किती सोसते! शेजारणी म्हणायच्या, अशी सून मिळायला भाग्य लागतं. आणि मला ते खरं वाटायला लागलं होतं! हळूहळू आत्याबाईंनी विचारणं सोडलं. मग खाणं सोडलं. घास ओठांशी नेला की तोंड फिरवायच्या. डॉक्टर तपासून गेले. म्हणाले, रोग काही दिसत नाही, पण असंच चाललं तर फार दिवस निघणार नाहीत. मी चर्चमध्ये गुडघे टेकून रडले, यांना वाचव म्हणून विनवणी केली, आणि घरी येऊन पुन्हा गप्प. अक्कल अगदी गहाण पडली होती माझी.

पाचव्या आठवड्यात एकदा सकाळची शाळा सुटल्यावर घरी आले, तर बाहेरून लावलेली कडी निघालेली. आत खाटेवर आत्याबाईंचा हात धरून एक परकी बाई बसली होती, शेजारी केरसुण्यांचा भारा. साक्रीकडची होती, दारोदार केरसुण्या विकणारी. पाणी मागायला आली, आतून कण्हणं ऐकलं आणि कडी काढून शिरली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मी काही बोलायच्या आत ती उठली, मला दाराबाहेर घेऊन आली आणि हळूच म्हणाली, “तू काबर बोलत नही व तिनासंगे? ती म्हणस, सून मन्ही मरानी वाट देखी र्‍हायनी, मंग तिले कशाले ताटकळत ठेवू? म्हनीसन खात नही ती.”

मी आतून तांब्या आणून तिच्या हातात दिला. ती पाणी प्यायली, भारा डोक्यावर घेतला आणि निघून गेली. तिचं नाव विचारायचंही मला सुचलं नाही.

आत जाऊन क्षमा मागायला हवी होती. पण इतके दिवस बंद ठेवलेल्या तोंडातून निघालं ते असं, “आत्याबाई, पुरे झाली ही थेरं! आधी तोंड उघडा बघू!”

त्यांचा चेहरा माझ्या आवाजाकडे वळला. “उनी का व,” आलीस का गं, असं म्हणाल्या, आणि तोंड उघडलं. चार घास खाल्ले. मी रडत होते, भरवत होते आणि रागावतही होते.

पण देह फार खंगला होता. पुढे नऊ दिवस मिळाले. त्यात आम्ही दोनदा चांगल्या कडकडून भांडलो, आणि मालकांच्या लहानपणच्या गोष्टी त्यांनी मला पहिल्यांदाच सांगितल्या. क्षमेचा शब्द मात्र मी पुनरुत्थानाच्या सणासाठी, म्हणजे ईस्टरसाठी, राखून ठेवला, म्हटलं त्या दिवशी शोभेल. सणाच्या दोन दिवस आधी, शुभ शुक्रवारी पहाटे त्या गेल्या.

उपास मी धरला आणि उपाशी राहिल्या त्या, हे मी कोणत्या तोंडानं विसरू? त्या बाईला नंतर कितीतरी बाजारांत शोधलं, दिसली नाही. तिला कोणी पाठवलं, हे मला कोणाला पटवून द्यायचं नाही. ती आली नसती तर आत्याबाई मला वैरीण समजून गेल्या असत्या, एवढं मात्र मला ठाऊक आहे. ते नऊ दिवस माझ्या लायकीपेक्षा फार जास्त होते आणि त्या दिवसांसाठी मी रोज प्रभूचे आभार मानते.

आता उपवासकाळात मी काही सोडत-बिडत नाही. दवाखान्यात जाते, ज्याच्याकडे कोणी येत नाही त्याच्या खाटेशी बसते आणि बोलते, वेडंवाकडं का होईना. क्षमेचा तो एक शब्द राहिला तो राहिलाच. तो मी प्रभूच्या स्वाधीन केला आहे. आत्याबाईंपर्यंत पोचवायचा की नाही, हे आता त्यानं ठरवावं.