पशुपतिनाथासाठी पाच संत्री

पांढुर्ण्याच्या फलाटावर उभी होते तेव्हा माझ्या पायात उंच टाचेच्या चपला होत्या आणि डोळ्यांवर काळा चष्मा. डिसेंबरचं कोवळं ऊन. चष्म्याची गरज फलाटावर कुणालाच नव्हती. मी बावीस वर्षांची, मॅट्रिक पास. हिमालय आपल्याला बघायलाच ताटकळत उभा आहे, अशा थाटात मी गाडीची वाट बघत होते. ती मुलगी आज भेटली तर आधी तिच्या चपला काढून घेईन आणि मग बोलेन.

सोबत माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात. त्यांच्या मांडीवर फटींची लाकडी पेटी, पेटीत वाळलेलं गवत आणि गवतात देठापानांसकट कापलेली पाच संत्री. विहिरीला पाणी लागलं त्या दिवशी सासरे बोलून गेले होते, पहिल्या बहाराची पाच फळं नेपाळात पशुपतिनाथाला वाहीन. बाग लावली आणि बहार येण्याआधीच ते गेले. आता तो नवस आत्याबाईंच्या मांडीवर होता. माझ्या नवऱ्याला सौंसरच्या शाळेतून रजा मिळेना, आत्याबाईंना वाचता येईना, म्हणून मी. नवसाचं मला फारसं काही नव्हतं. मला चष्मा घालून हिमालयात उभं राहायचं होतं.

नागपूरला यात्रा कंपनीची मंडळी भेटली. बावीस जण, एक आचारी आणि नानाजी नावाचे मॅनेजर, गळ्यात शिट्टी. यादी वाचता वाचता ते म्हणाले, "पांढुर्णा? म्हणजे तुम्ही आता परराज्यातल्या!"

राज्यांची नवी मांडणी होऊन वर्ष झालं होतं. आमच्या राज्याचं नाव तेच राहिलं, पण नागपूर उठून मुंबई राज्यात गेलं आणि आमच्या वाट्याला कधी न पाहिलेलं भोपाळ आलं.

"परवापरवापर्यंत आमची संत्री तुमच्याच बाजारात येत होती नं बाप्पा?" आत्याबाई म्हणाल्या. "मंग आम्ही परके कवा झालो? गाव तर तिथंच हाय."

नानाजींनी शिट्टी वाजवली. उत्तर सुचलं नाही की ते शिट्टी वाजवत, हे पुढच्या तीन आठवड्यांत सगळ्यांनाच कळलं.

कलकत्ता मी पाहिलं म्हणजे धर्मशाळेच्या अंगणात खिचडी शिजताना पाहिलं. नानाजींचा नियम होता, आचाऱ्याच्या हातचंच खायचं, आणि आचाऱ्याला खिचडीच येत होती. ट्राम, लाल विटांच्या साहेबी कचेऱ्या, रुंद मैदान, सगळं पळत पळत. व्हिक्टोरिया मेमोरियलला आम्ही कुंपणाच्या आत गेलो तोच शिट्टी झाली. तेवढ्यात आत्याबाईंनी राणीचा पुतळा निरखून घेतला.

"राज्य गेलं तरी ही बाई बसूनच हाय काहून?"

मी लाजेने चार पावलं दूर सरकले आणि वहीत लिहिलं, 'संगमरवराचे स्वप्न!' स्वप्नाचं दारही मी ओलांडलं नव्हतं.

पुढे गंगा. तिथे तेव्हा पूल नव्हता. गाडीतून उतरायचं, वाळू तुडवत आगबोटीत चढायचं, पलीकडे पुन्हा दुसरी गाडी. वाळूत माझी एक टाच तुटली. आत्याबाई अनवाणी, डोक्यावर पेटी, माझ्यापुढे वीस हात. दर मुक्कामाला त्या पेटी उघडत, एकेक फळ हातात घेऊन फिरवून ठेवत आणि गवत हलवत. चारचौघांत ते बघून लाजेने माझा जीव जाई.

दार्जिलिंगला खेळण्यातल्यासारख्या गाडीने पोचलो. आमचं हॉटेल पूर्वी साहेबांचं विश्रामगृह होतं. लाल गालिचा, शेकोटी, टाय लावलेला मॅनेजर. थंडीने आत्याबाईंना ताप भरला. रजईतून त्यांनी पेटी माझ्याकडे सरकवली.

"रोज उघड, रोज फिरव. संत्र्याले वारा पाह्यजे, माणसासारखा. ध्यान ठेवशीन नं?"

"ठेवीन हो."

त्याच दुपारी शेजारच्या खोलीतल्या कलकत्त्याच्या एक बाई दारातून डोकावल्या. नाकाला रुमाल लावून त्या हसत हसत हिंदीत म्हणाल्या, "अहाहा, अगदी भाजीबाजारात आल्यासारखं वाटतं!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पेटी वर्तमानपत्रात गच्च गुंडाळली, पत्र्याच्या ट्रंकेत घातली, वर लोकरीचे कपडे कोंबले, कुलूप लावलं. संत्र्याच्या बागेतली सून! फळ कोंडलं की घामेजतं, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल.

मग चष्मा लावून मी नानाजींमागे सिक्कीम बघायला निघाले. ठरल्याप्रमाणे सिक्कीम आणि नेपाळ अशी दोन पहाडी राज्यं दाखवायची होती. रस्त्याच्या वळणावर नानाजी थांबले आणि दरीपलीकडच्या ढगाकडे हात केला.

"ते सिक्कीम. बघून घ्या."

"जायचं नाही?"

"परवाना नाही."

"मग पाहिलं काय आम्ही?"

शिट्टी.

आठ दिवसांनी, सपाटीवरच्या दोन गाड्या आणि नव्या घाटरस्त्यावरची ओकाऱ्यांची बस सोसून, काठमांडूला पोचलो. समोर बर्फाची रांग झगझगत होती. मला ती बघायची फुरसत नव्हती, कारण मी ट्रंक उघडली होती. पाचही संत्र्यांवर हिरवी-पांढरी बुरशी. एकात बोट रुतलं.

ताप उतरला तरी पेटी माझ्याच भरवशावर सोडलेल्या आत्याबाई आंघोळीला गेल्या होत्या. मी तशीच असनच्या बाजारात धावले. एक बाई डोको (पाठीवरची बांबूची टोपली) उतरवून सुन्तला (संत्री) विकत बसली होती. देठपान असलेली पाच मी निवडून घेतली.

"कहाँ से आई, बहिनी?"

"नागपुर से," मी ठोकून दिलं.

"नागपुर का सुन्तला तो नामी! फिर मेरा क्यों लेती हो?"

नानाजींची शिट्टी माझ्याकडे नव्हती.

जुन्या गवतात नवी फळं बसवून मी पेटी आत्याबाईंच्या हाती दिली. त्यांनी ती उघडली नाही. तशीच डोक्यावर घेऊन त्या देवळाकडे निघाल्या. गाभाऱ्यासमोर पेटी उघडून त्यांनी एक फळ उचललं, देठाजवळ अंगठा दाबला. मग दुसरं. पहिली दोन वर्षं आत्याबाईंनी स्वतः घागरींनी पाणी घालून वाढवलेली बाग ती. त्यांनी आपलं फळ डोळे मिटून ओळखलं असतं. मागे बावीस माणसांची रांग, नानाजींचा हात शिट्टीकडे.

"थांब रे," त्या मागे न बघता म्हणाल्या. आणि मग हात जोडून, चांगल्या खणखणीत आवाजात,

"देवा, हे संत्रे आमचे नोहेत. आमचे जे होते ते तुहेच होते, वाटेत सडले. सून मात्र आमची हाय. थे गोड मानून घे."

पुजाऱ्याने फळं घेतली, एक प्रसाद म्हणून परत दिलं. मला चष्म्याची खरी गरज तेव्हा पडली.

बाहेर पायरीवर बसून मी विचारलं, "रागावल्या नाहीत?"

"रागावून राहिली नं," त्या म्हणाल्या. "गावापर्यंत पुरंल इतका राग हाय. सोल ते."

आणि पुरवला त्यांनी. परतीच्या वाटेवर दर स्टेशनावर मला ऐकवलं, बावीस जणांदेखत. प्रसादाच्या बिया मात्र पदराच्या गाठीत बांधून आणल्या. पांढुर्ण्याला उतरले तेव्हा मी अनवाणी होते. दुसरी टाच घाटात गेली.

पोरी मला विचारतात, आजी, हिमालय कसा होता? मी सांगते, थंड असावा. बागेच्या कोपऱ्यात त्या बियांतून उगवलेलं एक झाड अजून उभं आहे. फळ बारीक, सालीला चिकट आणि असं आंबट की कावळाही दुसऱ्यांदा येत नाही. त्याचं पहिलं फळ आत्याबाई दर वर्षी मलाच खायला लावत, आणि मी तोंड वाकडं करेपर्यंत समोरून हलत नसत. त्या गेल्यावर मी ते आपणहून खाते. परवा एक व्यापारी बाग बघायला आला होता. त्या झाडापाशी थांबून म्हणाला, "हे झाड इथलं नाही वाटत."

"झाड नेपाळचं," मी म्हटलं, "पण आहे आमचं."