खांदा दुखल्याचं पान

आमचे अण्णा जळगावच्या एका जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी ओढायचे. हंगाम संपला की काम संपायचं. मग आई लोकांकडे पापड लाटायला जायची आणि घरात दोन्ही वेळा ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. एकच टेबल होतं, जिनिंगच्या भंगारातून आणलेलं. ते माझं होतं, कारण मी शिकणार होते. धाकटा भाऊ बाहेर भिंतीवर चेंडू मारत बसायचा.

मी केमिकल इंजिनिअर झाले. आमच्या अख्ख्या घराण्यातली पहिली पदवीधर मी, हे मी कुणालाही न विचारता सांगते. निकालाच्या दिवशी चार घरांत पेढे गेले. भाऊ बारावी नापास. पण शाळेतल्या सॉफ्टबॉलवरून तो बेसबॉलकडे वळला आणि हाँगकाँगच्या एका क्लबने त्याला पगारावर पिचर म्हणून, म्हणजे चेंडू फेकायला, बोलावलं, तेव्हा गल्लीत बँड वाजला. मी नोकरीसाठी आयर्लंडला निघाले, तेव्हा दारात रिक्षा आली होती. बस.

हाँगकाँगनंतर तो बेल्जियममध्ये दोन मोसम खेळला. तिसऱ्यासाठी जाता जाता, २०२०च्या मार्चमध्ये, माझ्याकडे कॉर्कला आठ दिवसांसाठी उतरला. आणि सगळंच बंद झालं. तिकडचा मोसम रद्द, विमानं बंद. आठ दिवसांचं सव्वा वर्ष झालं.

कॉर्कजवळचा, रिंगास्किडीचा माझा औषधांचा कारखाना मात्र चालू होता. मी ड्युटी करून यायचे, तर घरी अण्णांचा व्हिडिओ कॉल सुरू.

"पोरगा जेवला का? हाताला तेल लावतो का रोज?"

"अण्णा, मीपण इथेच आहे."

"तुझं काय बाई, तुझं सगळं नीटच असतं."

शेजारचे आयरिश आजोबा तीन वर्षं माझ्याशी फक्त हवेबद्दल बोलले होते. आता ते रोज भिंतीला टेकून उभे. भाऊ समोरच्या हिरवळीवर चेंडू फेकायचा आणि हे म्हणायचे, "युअर मॅनचा हात म्हणजे काय हात आहे!" तिकडे 'युअर मॅन' म्हणजे 'हा गडी'. एकदा मला विचारलं, "तू त्याच्याकडे राहायला आलीस का?" घर माझं, भाडं माझं. मी हसले आणि घरात येऊन भांडी जरा जास्तच आपटली.

बाहेरच्या कुणाला बोलवायची सोय नव्हती, म्हणून त्याचे चेंडू मीच झेलायचे. तळहात सुजायचा.

"ताई, डोळे मिटू नकोस गं."

"तू हळू फेक मग."

"हळू फेकलं तर पिचर कसला?"

कारखान्यात आमचा एक नियम आहे: लिहिलं नाही ते घडलं नाही. त्याच सवयीने मी वही सुरू केली. रोज किती चेंडू, किती नेमके, हवा कशी, खाली सही आणि तारीख. नोव्हेंबरात एका पानावर लिहिलं: 'उजवा खांदा दुखतो म्हणाला. वीस चेंडूंवर थांबला.' पुढे दहा दिवस सगळ्या पानांवर तेच दुखणं.

जानेवारीत बेल्जियमच्या क्लबची मेल आली. जागा एकच होती, आणि वर्षभराच्या सरावाचा काही पुरावा द्या, असं होतं. भावाने वही बघितली आणि उडालाच.

"ताई, हे तर सोनं आहे! फक्त ती खांद्याची पानं फाडून टाक."

"आमच्यात पान फाडत नाहीत. चूक असेल तर एक रेघ मारायची, सही करायची."

"अगं, हा तुझा कारखाना आहे का? आता दुखत नाहीये."

"बघते," म्हणाले मी. आणि दुसऱ्या दिवशी लंच ब्रेकमध्ये अख्खी वही स्कॅन करून क्लबला पाठवली, दुखऱ्या पानांसकट. त्याला न विचारता. नियम नियम म्हणून पाठवली, असं मी स्वतःला सांगत होते. खरं सांगायचं तर बटण दाबताना मला बरं वाटलं होतं. एकदा तरी त्याचं काहीतरी अडू दे, असं वाटलं होतं.

अडलं. क्लबने लिहिलं, खांद्याची खात्री होईपर्यंत जागा देता येणार नाही. त्याने ती मेल मला वाचून दाखवली. आवाज लहान मुलासारखा झाला होता. "त्यांना कसं कळलं गं?"

"मी पाठवलं. आणि चांगल्या मनाने नाही पाठवलं."

चार दिवस त्याने मला झेलायला बोलावलं नाही, एकटाच भिंतीवर चेंडू मारत राहिला. अण्णांना त्याने यातलं काहीच सांगितलं नाही, हे मला जास्त लागलं. पाचव्या दिवशी मी फिजिओची वेळ घेतली आणि त्याला म्हटलं, "चल." गाडीत तो एवढंच म्हणाला, "तुझं टेबल होतं ताई. मला भिंत होती." मी गाडी चालवत राहिले.

फिजिओ बाईंनी सहा आठवडे व्यायाम दिले. मी तेही वहीत लिहिले, आणि या वेळी दोघांनी सह्या केल्या. एप्रिलमध्ये त्यांनी खांदा पूर्ण बरा असल्याचं पत्र दिलं. ते आम्ही मिळून पाठवलं. जागा अजून रिकामी होती.

व्हिसा हातात यायला जून उजाडला. अण्णांनी फोनवर विचारलं, पोरगा नीट गेला ना. मी म्हटलं, गेला.

२०२१चा उरलेला मोसम माझा भाऊ बेल्जियममध्ये पगारी पिचर म्हणून खेळला, एकही सामना न चुकवता.