आलेखातला एप्रिलचा खड्डा

खड्डा पहिल्यांदा तिला दिसला. "इकडे ये जरा," ती म्हणाली, "नऊ नंबर वेडा झालाय."

ती म्हणजे प्रयोगशाळेतली माझी सहकारी, डोंबिवलीची. दोन हजार सालानंतरची पहिली काही वर्षे होती ती, आणि मी मुंबईत भूजलाच्या एका प्रकल्पावर मदतनीस होतो. शहापूर-मुरबाडकडच्या विहिरींत दर आठवड्याला कोणीतरी टेप सोडून पाणी मोजायचे, ते आकडे आमच्याकडे यायचे आणि आम्ही त्यांचे आलेख काढायचो. त्यासाठी एक फुकट मिळणारी लायब्ररी होती, म्हणजे कोणीतरी आधीच लिहून ठेवलेला प्रोग्रॅम. आपण चार ओळींत हुकूम सोडायचा, चित्र लायब्ररीने काढायचे. चित्र बिघडले की दोष तिचा का आपला, हे हुडकण्यात दिवस जायचा.

नऊ नंबरची रेघ पावसाळा संपल्यावर बाकीच्या विहिरींसारखीच सावकाश उतरत यायची. एप्रिलच्या मध्यावर मात्र ती धाडकन तळाला जायची आणि पुढच्या मोजणीला पुन्हा वर. कुठल्या वर्षी कमी, कुठल्या वर्षी जास्त, पण दर वर्षी आणि त्याच जागी.

मला बघताक्षणी कळले. नऊ नंबर म्हणजे सिद्धगडाच्या अंगाला असलेली आमच्या वस्तीची विहीर. गावाची विहीर वेगळी, आमची वेगळी. चौदा एप्रिलच्या जयंतीआधी सगळी वस्ती मिळून ती उपसते. लहानपणी, नव्वदच्या सुमाराला, मलाही कमरेला दोर बांधून आत सोडले होते. बाप्ये गाळ खणायचे, बायका घमेली वर ओढायच्या, आम्ही पोरे तळातल्या फुटक्या कळशा गोळा करायचो. मग कठड्याला चुना, चुन्यावर निळी पट्टी. त्या दिवशी वस्तीत कोणी कामावर जात नसे. माझी आई त्याच वस्तीत राहत होती आणि त्याच विहिरीचे पाणी भरत होती.

हे सगळे सांगायला एक वाक्य पुरले असते. मी मूग गिळून बसलो.

कारण प्रयोगशाळेत मी कल्याणचा होतो. तिथे माझी भाड्याची खोली होती, तेव्हा अगदी खोटे नव्हते. आडनावावरून काही कळत नव्हते आणि या नोकरीला जातीचा दाखला लागला नव्हता. कॉलेजात माझे मार्क लागले की "यांना मिळतातच" असे कोणीतरी बोलायचे, मला ऐकू जाईल इतपतच हळू. नव्या जागी ते पुन्हा नको होते. इथे कोणी तसे बोलले असते असेही नाही. पण चोराच्या मनात चांदणे. विहीर सांगितली की वस्ती आली, वस्ती आली की मी आलो.

मग शोधाशोध सुरू झाली. तारखेत आधी दिवस वाचला जातोय का आधी महिना, हे तिने पाहिले. मोजणी चुकलेल्या आठवड्यांच्या जागी भरलेले खोटे आकडे वगळले गेलेत ना, ते पाहिले. रेघ काढून टाकून नुसते ठिपके मांडले. ठिपकेही खड्ड्यातच पडले. शेवटी तिने लायब्ररी लिहिणाऱ्यांना ईमेल केला. कुठल्याशा देशातून कोणा भल्या माणसाचे उत्तर आले, की चित्र बरोबर आहे, कृपया तुमची विहीर तपासा. ती हसली. मीही हसलो.

प्रकल्प ज्यांचा होता त्या सरांचे मत वेगळे होते. ते म्हणाले, "निसर्ग तारखा पाळत नाही. दर वर्षी त्याच आठवड्यात म्हणजे घोळ कॅलेंडरचा आहे. प्रोग्रॅममध्येच बघा."

सरांचा तर्क चोख होता. पाऊस तारीख पाळत नाही. होळी, जत्रा तिथीने येतात, त्याही मागेपुढे सरकतात. आमचा सण तेवढा इंग्रजी तारखेचा, जागचा न हलणारा. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. इथे कळसा माझ्या काखेत होता आणि वळसा त्या दोघांना पडत होता. ती शनिवारी सुटी मोडून यायची, माझ्यासाठीही डबा आणायची, आणि मी तिच्या शेजारी बसून नसलेली चूक शोधण्याचे नाटक करायचो. स्वतःची इतकी किळस मला त्याआधी आली नव्हती.

एका दुपारी मीच म्हणालो, "मोजणाऱ्याची चूक असेल. ते आकडे काढूनच टाकू." आणि ते आकडे वगळणारी ओळ मी माझ्या हाताने टाइप केली. रेघ गुळगुळीत झाली. घमेली, चुना, दोर ओढून आईच्या तळहाताला आलेले फोड, सगळे एका ओळीत गेले.

तिला ते पटले नाही. "एकच चूक माणूस दर वर्षी त्याच आठवड्यात करेल? तिथे कोणी पंप लावत असेल. आपण जाऊन बघू." सरांनी जीप मागवली.

दिवस मी सुचवला. मुरबाडचा बाजार असतो तो. वस्तीतले झाडून सगळे बाजाराला जातात, आईसुद्धा भाजी घेऊन जाते, एवढा हिशेब मी केला होता. जीप वस्तीजवळ थांबली तेव्हा घरांना कड्या होत्या आणि मला हायसे वाटले. विहिरीपाशी गेलो तर कठड्याला टेकून आई घागर घासत होती. पायाला फडके बांधले होते. पाय मुरगळला होता म्हणून ती बाजाराला गेली नव्हती, आणि मला ते ठाऊक नव्हते.

तिने मला पाहिले. तिचे तोंड उघडले, हाक ओठापर्यंत आली. मी पिशवीतली टेप काढायला खाली वाकलो, आणि टेप हाताला लागली तरी वाकलेलाच राहिलो.

सहकारी पुढे झाली. "मावशी, एप्रिलमध्ये या विहिरीचं पाणी एकदम कमी होतं का हो?"

आईने घागर बाजूला ठेवली. "व्हतं ना. जयंतीच्या आधी आमी इहीर उपसतो. गाळ काढतो, चुना लावतो. सगळी वस्ती लागते. पाणी मंग झऱ्याचं भरतं हळूहळू. तुमाला कुनी सांगलं नाय?"

"नाही हो," सहकारी म्हणाली. "आम्ही महिनाभर डोकं फोडतोय."

"सांगायला पायजे व्हतं कुनीतरी," आई म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरे झाले असते.

मग तिने दोर सोडला, ताजे पाणी काढले, तांब्या विसळून भरला आणि सहकारीच्या हातात दिला. "बस गो बाय, उन्हाची आलीस." सरांनाही पाणी दिले. दोघे प्यायले. माझा तांब्या तिने भरून कठड्यावर ठेवला आणि चार पावले मागे सरकली, परक्या बाप्यापुढे सरकते तशी.

"तुमी बी घ्या, साहेब," ती म्हणाली.

जन्मात तिने मला तुमी म्हटले नव्हते. मी तांब्या उचलला आणि प्यायलो. तिच्या पायाला काय झाले, हेही मला विचारता आले नाही. तिने डोक्यावर पदर घेतला, घागर उचलली आणि लंगडत घराकडे गेली. मागे वळून पाहिले नाही.

परतीच्या वाटेवर सर खुशीत होते. आलेखावर बाण काढून 'विहीर सफाई' लिहायचे ठरले. सहकारीने वही काढली आणि एकदम कपाळावर हात मारला.

"मावशींचं नाव विचारायचं राहिलं. अहवालात आभार मानले असते." ती माझ्याकडे वळली. "तू विचारलंस का?"

"नाही," मी म्हणालो.