स्पेनमधलं आगागागा
सकाळी ट्यूबलाइटमागं पाल चुकचुकली आणि मला नांदेडचा तो व्हायवा आठवला. एका जुन्या विनोदी स्पॅनिश कादंबरीत माणसं थक्क झाली की काय म्हणतात आणि ते मराठीत कसं आणायचं, हा माझ्या पीएचडीचा विषय. मे महिना, लाइट गेलेली, शर्ट पाठीला चिकटलेला. पुण्याहून आलेले परीक्षक पान उलटत म्हणाले, "स्पेनमधला नोकर 'आगागागा' म्हणतो? हे हदगावच्या बाजारात चालेल. सगळे उद्गार बदला, शिष्ट शब्द घाला, मग सहीचं बघू." माझे गाइड कानाशी पुटपुटले, "आता गप ऱ्हा बाबा." पण माझ्या तोंडून निघालंच, "सर, दचकलेला माणूस शब्द निवडत न्हाई." "मला शिकवू नका!" ते कडाडले आणि तेवढ्यात छतावरची पाल थेट त्यांच्या मानेवर पडली. खुर्ची आडवी करून ते उठले, "आगागागागा! आगं माय!" हसायची कुणाचीच छाती झाली नाही. बराच वेळ त्यांनी चष्मा पुसला, मग खाली बघत म्हणाले, "आजोळ इकडचंच, किनवटचं आहे माझं," आणि सही केली. आत्ता बायको पाल हाकलायला झाडू घेऊन आली, तिला म्हटलं, "असू दे गं तिला. मला पीएचडी तिनंच दिलीय."