दोन लाख सदुसष्ट हजार किलोमीटर

ती पांढरी गाडी अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. नोकरीत खून, दरोडे, दंगली सगळं पाहिलं आणि त्यातलं बरंच आता पुसट झालं. पण एका दुपारी माझ्याच ठाण्याच्या आवारात, माझ्याच शिपायांसमोर माझी जी फजिती झाली, ती जशीच्या तशी आठवते. आठवली की हसू येतं. बायकोला सांगितली की तिला माझ्यापेक्षा जास्त येतं. नावं कोणाचीच लिहीत नाही. माणसं चांगली आहेत आणि अजून सणावाराला फोन करतात.

मी तेव्हा भोकरदन तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. निवृत्तीला वर्षही उरलं नव्हतं. त्या दिवसांत आसपासच्या जिल्ह्यांतून मोठ्या गाड्या चोरीला जात होत्या. चोरांची पद्धत आम्हाला पाठ झाली होती. अपघातात चेपलेल्या एखाद्या जुन्या गाडीचे कागद भंगारातून मिळवायचे, चोरलेल्या ताज्या गाडीवर तोच नंबर चढवायचा आणि जुन्या गाडीचं मीटर काढून हिच्यात बसवायचं. मग कागदांचं आणि गाडीचं वय जुळतं. वरिष्ठ दर आठवड्याला विचारायचे, काय प्रगती? सांगण्यासारखं माझ्याकडे काही नसायचं.

अशात एका सकाळी ओळखीच्या गॅरेजवाल्याचा फोन आला. माणूस सरळ होता, उगाच कोणाची चुगली करणारा नव्हता.

"साहेब, हसनाबादचे एक मास्तर जुनी गाडी घेऊन राह्यले. माझ्याकडं तपासायला आणली. मीटर दोन लाख सदुसष्ट हजार दाखवतंय. इंजिन बराबर हाय. ऑइलचं झाकण काढलं तर धूर न्हाई, पाण्यात तेल न्हाई, टायर चारी बाजूंनी सारखे घासलेत. पण पेडलं बघा. एवढ्या पळालेल्या गाडीच्या पेडलांची रबरं झिजून लोखंड दिसाया पायजे. हितं कंपनीच्या रेघा तशाच हायेत. पायाखालचं मॅट बी कोरं. मला तर काय समजंना."

मला मात्र लगेच समजलं. निदान मला तसं वाटलं. मीटर मागे फिरवून गाडी विकणारे पायलीचे पन्नास मिळतात, पण मीटर जुनं आणि गाडी कोरी, याचा अर्थ एकच होता. मी टोपी उचलली, हवालदाराला बरोबर घेतलं आणि निघालो.

गॅरेजपुढे जत्रा भरली होती. मास्तर, त्यांचा धाकटा भाऊ, दोघांच्या बायका, चार मुलं आणि मधोमध प्लॅस्टिकच्या खुर्चीवर त्यांची आई. म्हातारीच्या मांडीवर पूजेचं ताट होतं. नारळ, हळदकुंकू, झेंडूचा हार, सगळी तयारी. दर दोन मिनिटांनी ती ताटावरचा पदर सारखा करत होती.

मास्तरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. घरात माणसं नऊ आणि मोटारसायकली दोन. कुठल्याही कार्याला निम्मं घर एसटीनं पुढे जायचं आणि उरलेलं मागून यायचं. कधी बस चुकायची, कधी गाडी पंक्चर व्हायची.

"माय पुढं जाती आन् मांडवाच्या दारात बसून आमची वाट बघती साहेब. आजवर एका कार्यात तिनं धड जेवन केलं न्हाई. येत्या ऐतवारी बहिणीची संभाजीनगरला वास्तुशांत हाय. मी मायला शब्द दिलाय, ह्या बारीला समदे संगट जाऊ."

गाडीचे मालक साठीतले गृहस्थ होते. जालन्याला घर, तीर्थपुरीजवळ शेती. पांढरा सदरा, बोलणं कमी. त्यांच्याकडे दुसरंही एक गिऱ्हाईक होतं, जालन्याचा एक गाड्यांचा व्यापारी. पाच वाजेपर्यंत होय की नाही कळवा, नाहीतर मी येऊन घेऊन जातो, असा त्याचा फोन माझ्यासमोरच येऊन गेला. मास्तरांचा चेहरा उतरला. मी म्हणालो, "गाडी ठाण्यात घ्या. आणि तुम्हीही चला काका."

सगळा लवाजमा ठाण्यात आला. म्हातारी ताट घेऊन आवारातल्या लिंबाखाली बसली. स्टेशन डायरीला नोंद घातली आणि तपासणी सुरू केली. इंजिन नंबर आरसीशी जुळला. चेसिस नंबरावर काळा लेप होता. तो पाहून मला आत कुठेतरी बरंच वाटलं, हे कबूल करतो. गॅरेजवाल्यानं रॉकेलच्या फडक्यानं तो पुसला. आकडे स्वच्छ निघाले, घासल्याची खूण नाही, आणि तेही जुळले. तो म्हणाला, लेप गंज लागू नये म्हणून देतात, चांगली माणसं देतात. मी मनात म्हणालो, हल्ली आकडे ठोकणारे कारागीरही चांगले मिळतात.

मागच्या दारात पाच लिटरचा एक कॅन आणि एक रिकामं पोतं सापडलं. कॅनमध्ये साधं पाणी. दोन्ही मी टेबलावर आणून ठेवायला लावलं. हवालदार जुना माणूस, त्यानं हळूच सांगितलं, "साहेब, गिअरच्या मुठीवरचे आकडे पार पुसून गेलेत. हात लय फिरलाय हिच्यावर."

"मूठ बदलता येते," मी म्हणालो. तो गप्प बसला. हवालदार गप्प बसला की साहेबानं थोडं थांबावं, हे मला तीस वर्षांत कळायला हवं होतं.

चौकशीसाठी काकांना आत बोलावलं. त्यांनी दाराबाहेर चपला काढल्या, भिंतीशी नीट जोडीनं लावल्या आणि मग आत आले. ठाण्यात चपला काढून येणारा माणूस एकतर फार साधा असतो नाहीतर फार पोचलेला. मी दुसरा अंदाज धरला.

"गाडी रोज कुठे जायची?"

"जालना ते तीर्थपुरी. आमची मंडळी तिकडं शाळंवर मास्तरीण होती. तिला आन् तिच्या संगटच्या पाच बायांना सोडायचो. संध्याकाळी घेऊन यायचो."

"आणि दिवसभर तुम्ही?"

"शेतात."

"किती वर्षं?"

"अकरा."

"मग विकता का?"

"मंडळी रिटायर झाली. बाया बी बदलून गेल्या. गाडी नुसती दारात उभी हाय साहेब, बघवत न्हाई."

मी तोच प्रश्न चार तऱ्हांनी विचारला. खोटं बोलणारा तिसऱ्या वेळी काहीतरी नवीन जोडतो, हा माझा अनुभव. यांनी एक शब्दही जोडला नाही. मला वाटलं, पाठ करून आलेत. शेवटी हुकमाचा पत्ता टाकला. "अकरा वर्षं शेतातून यायचात. चिखलाच्या पायांनी गाडी चालवायचात. मग पेडल कोरं कसं?"

काका माझ्याकडे बघतच राहिले. खरंच प्रश्न कळला नव्हता त्यांना. "कोरंच राहनार की," ते म्हणाले. "त्याला काय झालं?"

मी टेबलावर हात आपटला. त्याचं वाईट आजही वाटतं. वयानं मोठा माणूस होता आणि दारापाशी मास्तर उभे होते, त्यांनी मान खाली घातली. त्या क्षणी त्या खोलीत एका सरळ माणसाची अब्रू माझ्या हातात होती आणि मी ती टेबलावर आपटत होतो.

शोरूमची मूळ पावती आणि दुसरी चावी घरी आहे, असं ते म्हणाले. मी फोन लावून घरून मागवायला सांगितलं. अडीच तासांनी जालन्याच्या बसमधून काकांच्या मंडळी, म्हणजे त्या शाळेच्या बाई, उतरल्या. पांढरे केस, ठसठशीत कुंकू, काखेत पिशवी. सरळ माझ्यासमोर आल्या आणि पावती टेबलावर ठेवली.

"घ्या साहेब. ही चावी. यांना सकाळपासून बसवून ठेवलंत, चहा तरी दिलात का?"

दिला नव्हता. एका शिपायानं लगबगीनं पळ काढला, तो चहालाच गेला असावा.

मी चावी घेऊन गाडीकडे गेलो. दुसऱ्या चावीनं गाडी सुरू झाली नाही तर प्रकरण तिथंच पक्कं होणार होतं. मागे काका, बाई, हवालदार, गॅरेजवाला, मास्तरांचं सगळं घर. मी चालकाचं दार उघडलं आणि एक पाय आत ठेवला.

"साहेब! बूट!"

चौथीच्या वर्गाला बसवतात तो आवाज. माझा पाय आपोआप बाहेर आला. इतकंच नाही, मी वाकून नाडी सोडायलाही लागलो होतो. माझ्यावर आवाज चढवणारे नोकरीत पुष्कळ भेटले, पण बूट कोणी उतरवले नव्हते.

"वर्गात कोणी चपला घालून येतं का?" बाई म्हणाल्या. "आमच्या शाळेत पोरं चपला बाहेर रांगेत लावतात. गाडी आली त्या दिवशीच मी यांना सांगितलं, हीसुद्धा माझी वर्गखोलीच. शेतातून आलात की कॅनमधल्या पाण्यानं पाय धुवायचे आणि मग बसायचं. सगळ्या बायकांच्या चपला मागं पोत्यात. अकरा वर्षांत या गाडीत कोणाची चप्पल चढली नाही. पहिला बूट आज तुमचा."

मी मोजे घातलेल्या पायांनी उकिडवा बसलो आणि पहिल्यांदा ते पेडल नीट पाहिलं. रेघा शाबूत होत्या, पण रबर लख्ख चकाकत होतं. अनवाणी पावलाच्या लाखो दाबांनी त्याला देवळाच्या पायरीसारखी झिलई आली होती. मी जागेवरच काकांच्या पायांकडे बघितलं. त्यांनी उजवं पाऊल उचलून दाखवलं. चवड्याखाली घट्टा होता, पेडलाच्या रुंदीचा.

"अहो काका," मी म्हणालो, "सकाळीच का नाही सांगितलंत?"

"तुम्ही पेडलाचं इचारलं साहेब. पायाचं कुठं इचारलं? आन् गाडीत अनवाणी बसायचं, ह्यात सांगन्यासारखं काय हाय? मला वाटलं समदेच बसत्यात."

आधी गॅरेजवाला हसला. मग हवालदार तोंड फिरवून हसला, आणि मग मला हसू आवरेना. काकांपुढे हात जोडले आणि सगळ्यांच्या देखत म्हणालो, "चुकलो." त्यांनी माझे दोन्ही हात धरून खाली केले. दुसऱ्या चावीनंही गाडी लगेच सुरू झाली. डायरीत मी स्वतःच्या अक्षरात लिहिलं की वाहन निर्दोष, मालकाचं कथन खरं, संशयाचं कारण उरलं नाही.

तेवढ्यात व्यापाऱ्याचा फोन आला. पाच वाजायला दहा मिनिटं होती. मास्तरांच्या बायकोनं नवऱ्याची बाही घट्ट धरली. काकांनी फोन कानाला लावला, लिंबाखालच्या म्हातारीकडे पाहिलं आणि म्हणाले, "न्हाई, न्हाई. गाडी दिली. बिलकुल दिली." मुलांनी जी आरोळी ठोकली, ती ऐकून कोठडीतला एक दारूडा जागा झाला आणि मी सुटलो का, असं विचारू लागला.

पूजा ठाण्याच्या आवारातच झाली. म्हातारीनं कुंकू लावलं, नारळ हवालदारानं फोडला. बाईंनी मास्तरांकडून कबूल करून घेतलं की नियम पुढे चालू राहील, आणि मगच चावी दिली. गाडीच्या टपावर हात ठेवून काका जरा वेळ उभे राहिले. डोळे पुसले, पण चेहरा खुशीचा होता.

त्या दिवशी मला माझ्याच धंद्यातलं एक न्यून कळलं. खोटं कसं पकडायचं हे मला शिकवलेलं होतं आणि मी त्यात बरा होतो. खरं समोर येऊन चपला काढून उभं राहिलं, तर ते ओळखायचं कसं, हे कोणी शिकवलं नव्हतं. जुळणारे नंबर, मुठीवरचे झिजलेले आकडे, न बदलणारा जबाब, सगळे पुरावे माझ्या टेबलावर होते. एका पेडलासाठी मी ते बाजूला सारले, कारण मला चोर हवा होता. पुढे जे काही महिने उरले त्यात प्रत्येक चौकशीत मी एक प्रश्न वाढवला: तुमच्या घरी हे कसं करतात? त्या प्रश्नानं निदान दोन माणसं नाहक अडकायची वाचली. जुनी गाडी घेताना कोणी सल्ला विचारला तर आजही सांगतो की इंजिन मेकॅनिककडून बघून घ्या, पण मालकाशी घटकाभर चहा प्या.

गाडी निघाली तेव्हा नऊच्या नऊ जण आत होते. मास्तर चालवत होते. फाटकाशी त्यांनी जरा जोरात वळण घेतलं, तशी म्हातारी मधल्या सीटवरून पुढे वाकली आणि तिनं लेकाच्या खांद्यावर हात ठेवला. काच खाली होती, म्हणून मला ऐकू आलं.

"सावकाश घे रे बाबा. जल्दी कशाची? समदे तर हितंच हायेत."