नटावरची पिवळी रेघ

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. सांगण्यासारखं तरी काय — रिमोटच्या गाडीची तर गोष्ट, असं कुणीही म्हणेल. मीही बरीच वर्षं स्वतःची तीच समजूत घातली.

मी आणि दिगंबर, बीडकडच्या एका सहकारी साखर कारखान्यात फिटर. दोघांनाही या गाड्यांचं वेड. चाळिशीतल्या माणसांना शोभत नाही, पण होतं. पुण्याहून जुन्या गाड्या आणायच्या आणि वर्कशॉपात खोलून बसायचं. माझी ऑन-रोड — बुटकी, गुळगुळीत टायरांची, कारखान्याच्या डांबरी रस्त्यावर सुसाट. त्याची ऑफ-रोड — उंच, जाड शॉकअपची. जास्त कोणती टिकते, यावर रोजची हुज्जत. खरं सांगू? निकाल कधीच लागला होता. डांबर सोडलं की माझी मोडायची. त्याची पडायची, उलटायची आणि पुन्हा पळायची.

"तुझी पाव्हनी हाय बे, सतरंजीवरच चालती," तो म्हणायचा. सगळे हसायचे. मीही हसायचो आणि आतून जळायचो.

मग एका वर्षी दुष्काळात ऊसच नव्हता, गाळप बंद पडलं. दोघांपैकी एकाच फिटरला ठेवणार, हे आमच्या कानावर आलं होतं. ठरवणार वर्कशॉपचे साहेब. त्याच आठवड्यात दिगंबर म्हणाला, तलाव कोरडा पडलाय, तिथं उतरवू दोन्ही गाड्या. साहेबही बघायला येतो म्हणाले.

आमच्याकडे एक रीत होती. नट आवळला की आवळणाऱ्याने त्यावरून बोल्टच्या दांड्यापर्यंत रंगाची रेघ ओढायची. नट हलला तर रेघ तुटलेली दिसते. प्रत्येकाचा रंग वेगळा, दिगंबरचा पिवळा. पिवळी रेघ असलेला नट कुणी पुन्हा तपासत नसे. तो स्वतःही नाही.

आणि मी — कसं लिहू हे? जेवणाच्या सुटीत तो हात धुवायला गेला. मी त्याच्या गाडीच्या मागच्या चाकाचा नट शेवटच्या आट्यापर्यंत ढिला केला. रेघ थिनरने पुसली. त्याच्याच डबीतला रंग घेऊन नवी ओढली, सरळ, अगदी त्याच्यासारखी. मधे एकदा तरी थांबलो का? नाही. तेच जास्त बोचतं.

बांधावरून पहिल्याच उडीत चाक निखळलं. गाडी भेगाळलेल्या गाळात गडगडत गेली. दिगंबरने नट शोधून काढला आणि तळहातावर घेऊन बघत राहिला. साहेब वाकले, नटावरची रेघ बघून म्हणाले,

"रेघ वडली आन् आवळलाच न्हाई व्हय?"

मला वाटलं होतं तो चिडेल, कुणीतरी खोडी केली म्हणेल. त्याला माझा संशयसुद्धा आला नाही. दुसऱ्या दिवशी साहेबांनी काही ठरवायच्या आत तोच म्हणाला, "यालाच ठिवा, साहेब. माज्या हाताचा आता मलाच भरवसा न्हाई."

मी शेजारीच उभा होतो. एक वाक्य पुरलं असतं — नाही बोललो. नोकरी मला हवी होती. त्याला हरलेलं बघायचं होतं, तेही खरंच.

त्यानंतर त्याने पाना हातात धरला नाही. नेकनूरला भावाच्या किराणा दुकानात बसतो. किलोभर साखरही तीनदा तोलतो म्हणे, गिऱ्हाईक वैतागतं. जाताना गाडी मला देऊन गेला. "तू नीट ठिवशील," म्हणाला.

ठेवली. माझी केव्हाच भंगारात गेली, त्याची अजून पळते. नट तोच आहे. आता तो पक्का आवळलेला आहे, म्हणून ढिला असताना त्यावर ओढलेली पिवळी रेघ दांड्यावरच्या रेघेशी जुळत नाही. मी ती पुसलेली नाही. माझ्या हातची आहे.