क्लॅरिनेटवाल्याचे दात

बँडमधले सगळे त्याला फुंक्या म्हणत. उभा जन्म क्लॅरिनेट वाजवण्यात गेला, आणि गप्पा मारतानाही तो मध्ये श्वास घ्यायचा नाही. मग गळ्यात गाठ निघाली. किरणांच्या उपचारांनी गाठ गेली, पण लाळही आटली. "माझ्या तोंडचं पाणी पळालंय, अगदी खरंखुरं," असं सांगून तो स्वतःच हसायचा.

पुढे हसणं बंद झालं. दात हिरड्यांपाशी किडून तपकिरी पडले. वाजवताना क्लॅरिनेट वरच्या पुढच्या दातांवरच टेकतं. ते गेले तर वाजवायचं कसं? डॉक्टर सगळे उपटतील या धास्तीने तो टाळाटाळ करत राहिला. शेवटी बायकोने त्याला ओढतच दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

बाईंनी तोंडात आरसा फिरवला. "कोरड पडली की काय करता?"

"लिमलेटच्या गोळ्या चघळतो, दिवसभर. हीच आणून देते."

बायकोचा चेहरा उतरला. "म्हणजे ह्यांचे दात मीच..."

"अहो, तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. लाळ दातांचं कवच सांभाळते. ती नाही, वर साखर. दात बिचारे काय करतील?"

"उपटणार?" फुंक्याने विचारलं.

"छे! किरणं घेतलेल्या जबड्यात जखम लवकर भरत नाही. आपण भरूया."

फुंक्याचा जीव भांड्यात पडला.

बाईंनी कीड कोरून पांढरट सिमेंट भरलं. "यातून फ्लोराइड थोडं थोडं पाझरतं, कडेच्या कवचाला आधार देतं. पण हे झिजतं, टवका उडाला की परत यायचं. रोज फ्लोराइडची पेस्ट. गोळ्या बंद. कोरड पडली की साध्या पाण्याचा घोट."

टवका उडालाच, तोही कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी. बाईंनी पुन्हा भरून दिला.

कार्यक्रमात सूर छान लागला, पण अर्ध्यातच घशाला कोरड पडली. फुंक्या थांबला. बायकोने बाटली पुढे केली. ड्रमवाल्याने प्रसंग ओळखला आणि फुंक्या पाणी पिईपर्यंत तो एकट्याने वाजवत राहिला. तेव्हापासून प्रत्येक गाण्यात तशी जागा ठेवायची, असं बँडने ठरवूनच टाकलं.

एकदा एक श्रोता मुद्दाम जवळ येऊन म्हणाला, "तो मधला ड्रमचा तुकडा काय सुरेख बसवलाय हो!"

तोंडात पाण्याचा घोट होता. फुंक्याने नुसती मान डोलावली.